डावं पान मोकळं ठेवा

"सर, हा एप्सिलॉन द्यायचा कोणी?"

रिअल ॲनालिसिस शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. ज्या वर्षी कोणीच विचारत नाही, त्या वर्षी मला काळजी वाटते. बारावीपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढणं. लिमिट काढा म्हटलं की अंश-छेदाला भाग द्यायचा, किंमत घालायची, उत्तराभोवती चौकट मारायची. बीएस्सीला तेच लिमिट पुन्हा समोर येतं, पण आता उत्तर आधीच दिलेलं असतं आणि प्रश्न म्हणतो, सिद्ध करा. शाळेपासून हुशार म्हणून नाव असलेली मुलंही इथे गप्प होतात. मग पाठांतर सुरू होतं. "लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो बी गिव्हन" हे वाक्य वहीवर सुबक अक्षरात उमटतं, पण ते देणारा कोण आणि घेणारा कोण, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही. मी एकच उपाय सांगणार आहे: वर्गाची सामाईक वही. प्रत्येकाची स्वतःची वही असतेच, ती राहू द्या. ही वेगळी. सगळ्यांनी आळीपाळीने लिहायची आणि सगळ्यांनी वाचायची.

ॲनालिसिसमधली जवळजवळ प्रत्येक व्याख्या हे दोघांमधलं बोलणं आहे. मी म्हणतो, ही सिक्वेन्स २ कडे जाते. तुम्ही म्हणता, किती जवळ? ०.१ च्या आत आणून दाखवा. मी सांगतो, पन्नासाव्या पदाच्या पुढे या, सगळी पदं ०.१ च्या आत सापडतील. तुम्ही म्हणता, ०.०१ च्या आत? मी सांगतो, पाचशेच्या पुढे या. तुम्ही कितीही लहान आकडा टाका, माझ्याकडे उत्तर असलं पाहिजे. आणि एकदा 'इथून पुढे' म्हटलं की पुढचं एकही पद बाहेर जाता कामा नये. तो लहान आकडा म्हणजे एप्सिलॉन, तो समोरचा देतो; 'इथून पुढे'चा पदक्रमांक म्हणजे कॅपिटल एन, तो आपण द्यायचा. वर्गात दोघांना समोरासमोर उभं करून हे बोलणं करवून घेतलं तर पंधरा मिनिटांत समजतं. अडचण येते घरी, एकट्याने अभ्यास करताना. तिथे देणाराही आपण आणि घेणाराही आपण. मग एप्सिलॉन सोयीचा घेतला जातो, किंवा एन आधी धरून एप्सिलॉन मागाहून ठरवला जातो, आणि हटकणारं कोणी नसतं. सामाईक वहीमुळे तो समोरचा माणूस कागदावर येऊन बसतो.

दोनशे पानांचं, जाड पुठ्ठ्याचं, रेघी रजिस्टर घ्या. सुटे कागद किंवा फाइल नको. कागद हरवतात, आणि नको असलेली पानं काढून टाकण्याचा मोहही होतो. हजेरीपटाच्या क्रमाने नंबर लावा. ज्याचा नंबर असेल त्याने त्या दिवशी शिकवलेल्यातली एकच गोष्ट लिहायची: एक व्याख्या, एक प्रमेय किंवा एक उदाहरण. पूर्ण तासाचा वृत्तांत लिहायला गेलात तर फळ्याची नक्कल होते आणि ती कोणी वाचत नाही.

आमच्या पुसदला शिकायला येणारी बरीच मुलं अपडाऊन करणारी असतात. कोणी दिग्रसकडून येतं, कोणी महागाव, शेंबाळपिंपरीकडून, कोणी डोंगराआडच्या तांड्यावरून. तास सुटला की त्यांचं लक्ष बसकडे असतं. वही फक्त गावातल्या मुलांच्या हाती राहिली तर महिनाभरात ती चार-पाच जणांची होते. म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार द्या, आणि जोड्या लावताना एक गावात राहणारा आणि एक अपडाऊन करणारा असं करा. एकाने संध्याकाळी लिहायचं, दुसऱ्याने सकाळी तास सुरू होण्याआधी वाचून खाली सही करायची. 'मी वाचलं, मला पटलं' किंवा 'तिसरी ओळ पटली नाही', एवढं त्या सहीजवळ लिहिलं तरी चालतं.

लिहायचं ते उजव्या पानावर. डावं पान मोकळं ठेवायचं. या पद्धतीत दुसरे नियम वर्गागणिक बदलले तरी हरकत नाही, हा एक बदलू नका.

उजव्या पानावर आधी आपल्या शब्दांत दोन-तीन ओळी: आज काय म्हटलं गेलं. मग कच्चं काम. त्याखाली पक्कं काम. आणि शेवटी, आपण कुठे अडकलो होतो किंवा अजून अडकलेलो आहोत ते. यातलं कच्चं काम हा सर्वांत मोलाचा भाग, कारण पुस्तकात नेमकं तेच नसतं. पुस्तकातली सिद्धता सुरूच होते "एन हा ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा घ्या" इथून. हे ५ आले कुठून? लेखकाने ते आधी दुसऱ्या कागदावर काढले आणि तो कागद फेकून दिला. आपल्याला तो फेकलेला कागद हवा आहे.

एक पान जवळून पाहू. सिद्ध करायचं होतं की (२एन + १)/(एन + ३) ही सिक्वेन्स २ कडे जाते. लिहिणाऱ्या मुलीने कच्च्या कामात पदातून २ वजा केले. अंशात २एन + १ − २एन − ६, म्हणजे −५ उरले. चिन्ह सोडलं की फरक ५/(एन + ३). मग तिने लिहिलं, "छेदातले ३ सोडून दिले तर छेद लहान होतो, म्हणून अपूर्णांक मोठा होतो. म्हणजे आपला फरक ५/एन पेक्षा लहानच आहे. ५/एन ला एप्सिलॉनच्या आत आणलं की काम झालं. त्यासाठी एन हा ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा पाहिजे." पक्क्या कामात हेच उलट्या क्रमाने आलं: एप्सिलॉन दिलेला आहे, कॅपिटल एन ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा निवडला, त्यापुढच्या प्रत्येक एनसाठी फरक एप्सिलॉनच्या आत.

दुसऱ्या दिवशी डाव्या पानावर पेन्सिलीने प्रश्न आला: "एप्सिलॉन ०.१ घेतला तर तुझ्या हिशोबानं ५० च्या पुढं जा लागते. मी करून पाह्यलं, ४८ पासूनच आत येते. मंग ५० काहून?"

विचारणाऱ्याचं गणित बरोबर होतं. ५/(एन + ३) हे ०.१ पेक्षा लहान व्हायला एन ४७ पेक्षा मोठा असला की पुरतं. मुलगी दोन दिवस विचारात पडली. आपलं चुकलं असं तिला वाटलं. मग तिने खाली उत्तर लिहिलं: "४८ पासून सगळी पदं आत आहेत, तर ५० च्या पुढची आत आहेतच. सर्वांत लहान एन शोधायला आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. चालणारा एक मिळाला की पुरे."

हीच गोष्ट मी फळ्यापाशी उभं राहून कितीदा सांगितली असेल. ती वर्गाच्या अंगवळणी पडली त्या डाव्या पानामुळे. बारावीपर्यंत नेमकं उत्तर काढायची सवय लागलेली असते आणि ॲनालिसिसमध्ये पुरेसं उत्तर देता आलं पाहिजे. छेदातले ३ सोडून देण्याची हिंमत व्हायला हवी, आणि ते सोडल्याने फरक मोठा होतो की लहान, हे पाहण्याची काळजीही. या दोन गोष्टी ज्याला जमल्या, त्याला पुढे कोशी सिक्वेन्स, रीमान इंटिग्रल यांची भीती उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

डाव्या पानाचे नियम थोडे कडक ठेवा. नुसतं 'समजलं नाही' लिहायचं नाही. जिथे अडलं त्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारायची आणि तिच्या बरोबर समोर, डाव्या पानावर, प्रश्न लिहायचा. खाली रोल नंबर आणि तारीख. एवढं करताना बऱ्याचदा प्रश्न स्वतःच सुटतो, कारण आपण नेमके कुठे अडलो हे शोधावं लागतं. सुरुवातीला प्रश्न सुचत नाहीत. तेव्हा मी तीन विचारणा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो: इथे एखादी संख्या घालून दाखवाल का? ही ओळ कोणत्या व्याख्येवरून आली? ही अट काढून टाकली तर काय बिघडतं? तिसरी सर्वांत कामाची. एखाद्या प्रमेयातल्या 'क्लोज्ड इंटरव्हल' मधलं 'क्लोज्ड' काढलं की ते प्रमेय कोसळतं, हे एकदा स्वतः पाहिलं की ती अट पाठ करावी लागत नाही.

उत्तर ज्याने पान लिहिलं त्यानेच द्यायचं. तीन दिवसांत आलं नाही तर कोणीही द्यावं. आठवड्यात नाही आलं तर शिक्षकाने तो प्रश्न तासाला फळ्यावर घ्यावा.

आता चुकांबद्दल. व्हाइटनर या वहीजवळ आणायचा नाही. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला का चुकलं ते. मुलांना हे जड जातं. घरी-शाळेत स्वच्छ वहीचं कौतुक ऐकून ती मोठी झालेली असतात. त्यांना मी ऑगस्टिन-लुई कोशीची गोष्ट सांगतो. त्याने १८२१ साली पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकसाठी ॲनालिसिसचं पाठ्यपुस्तक लिहिलं. या विषयात आजची काटेकोर शिस्त आणणारं ते पुस्तक. त्यात एक प्रमेय असं होतं की, कन्टिन्युअस फंक्शन्सची कन्व्हर्जंट श्रेणी घेतली तर तिची बेरीजही कन्टिन्युअस असते. १८२६ साली नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेलने एका तळटीपेत दाखवून दिलं की या प्रमेयाला अपवाद आहेत. आबेल तेव्हा पंचविशीच्या आतला होता. कोशीच्या त्या वाक्यात काय कमी पडलं, हे शोधता शोधता 'युनिफॉर्म कन्व्हर्जन्स' ही कल्पना स्पष्ट झाली, आणि आज ती तुमच्या अभ्यासक्रमात आहे.

त्याच जातीची चूक आमच्या एका वहीतही आहे. ० ते १ या इंटरव्हलवर क्ष, क्ष², क्ष³ अशी फंक्शन्स घेतली. प्रत्येकाचा आलेख अखंड. लिहिणाऱ्याने पुढे लिहिलं, म्हणून त्यांचं लिमिटही अखंड. मग कोणीतरी डाव्या पानावर ०.९ चा घात वाढवत नेला: दहावा घात सुमारे ०.३५, पन्नासावा ०.००५ च्या आसपास. १ पाशी मात्र कितवाही घात घ्या, १ च. म्हणजे लिमिट १ च्या अलीकडे सगळीकडे शून्य आणि १ पाशी एकदम १. आलेख तुटला. रेघ मारलेलं ते वाक्य आज त्या वहीतलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य आहे.

वहीतून ॲनालिसिस शिकण्याला मोठी परंपराही आहे. एप्सिलॉन-डेल्टाची आजची शिस्त ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते कार्ल वायरश्ट्रास बरीच वर्षं शाळामास्तर होते. १८५६ साली, वयाच्या चाळिशीत, ते बर्लिनला आले. पुढे प्रकृती ढासळल्यावर ते खुर्चीत बसून बोलत आणि एखादा विद्यार्थी फळ्यावर लिहून दाखवत असे. त्यांनी व्याख्यानांचं पुस्तक छापलं नाही. त्यांचे विचार युरोपभर पोचले ते विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांतून. आडोल्फ हुर्विट्झने १८७८ साली घेतलेली टिपणं तर ११० वर्षांनी, १९८८ मध्ये, पुस्तकरूपाने छापली गेली. विशीच्या आतल्या एका मुलाने वर्गात बसून लिहिलेली वही होती ती.

वहीत भाषा कोणती, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघतो. पेपर इंग्रजीत लिहायचा, पुस्तकं इंग्रजीत. वर्गात कोणी घरी वऱ्हाडी बोलणारं, कोणी गोरमाटी. माझं मत पक्कं आहे. विधान आणि पक्कं काम पेपरच्या भाषेत लिहा. कच्चं काम आणि डावं पान ज्या भाषेत डोकं चालतं त्या भाषेत. दोन्ही सवयी लागतात आणि एकीने दुसरीला बळ येतं. बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धि' या नावाने कलनशास्त्र मराठीत आणायचा प्रयत्न केला, तो दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी. केरळात ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात 'युक्तिभाषा' लिहिली ती मल्याळम गद्यात, आणि अनंत श्रेणींची कारणमीमांसा त्या भाषेत पायरी-पायरीने मांडली. गणिताचा विचार आपल्या भाषेत करता येतो, याची ही उदाहरणं आपल्या जवळची आहेत.

आणि या विषयात मराठीचा खरोखर उपयोग होतो. ॲनालिसिसमध्ये मुलं जिथे सर्वांत जास्त चुकतात ती जागा म्हणजे 'फॉर एव्हरी' आणि 'देअर एक्झिस्ट्स' यांचा क्रम. इंग्रजी वाक्यात या दोन शब्दांची अदलाबदल झाली तर आपल्या मुलांच्या कानाला काहीच खटकत नाही. आता मराठीत पाहा. 'घरोघरी आपापली विहीर आहे' आणि 'सगळ्या घरांना मिळून एकच विहीर आहे.' या दोन वाक्यांतला फरक पाण्याला जाणाऱ्या कोणालाही सांगावा लागत नाही. 'आपापला' आणि 'एकच' या दोन शब्दांनी इथे सगळं काम केलं. कन्टिन्युअस म्हणजे प्रत्येक बिंदूला आपापला डेल्टा. युनिफॉर्मली कन्टिन्युअस म्हणजे सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा.

क्ष² हे फंक्शन घ्या आणि एप्सिलॉन १ धरा. १० या बिंदूपाशी डेल्टा सुमारे ०.०५ चालतो. १००० पाशी तो सुमारे ०.०००५ करावा लागतो. जितकं उजवीकडे जाल तितका डेल्टा आकसत जातो. प्रत्येक बिंदूला आपापला आहे, पण सगळ्यांना पुरेल असा एक नाही. तेच क्ष² फक्त ० ते १ मध्ये पाहा. तिथे दोन बिंदूंची बेरीज २ च्या वर जात नाही, म्हणून एप्सिलॉनच्या निम्मा डेल्टा सगळ्यांना चालतो. एका मुलाने वहीत हे पान लिहिताना शीर्षकच दिलं होतं: 'आपापला की एकच?' पुढे पॉइंटवाइज आणि युनिफॉर्म कन्व्हर्जन्स आलं तेव्हा वर्गाने ते याच दोन शब्दांत पकडलं. तिथेही तोच भेद आहे, प्रत्येक क्ष ला आपापला एन की सगळ्यांना एकच. 'जसा एप्सिलॉन तसा डेल्टा' हेही वहीतूनच आलेलं बोलणं. डेल्टा एप्सिलॉनवर अवलंबून असतो हे त्यात आलंच.

शिक्षकांना दोन शब्द. पहिल्या वर्षी मी एक चूक केली आणि तिने वही जवळजवळ मेली. दर शनिवारी मी लाल पेनने सगळी पानं तपासू लागलो. चुका दुरुस्त केल्या, नीट लिहिणाऱ्याला शाबासकी दिली. महिन्याभरात पानं निर्दोष येऊ लागली आणि डावी पानं ओस पडली. मुलं गाइडमधून उतरवत होती. सरांच्या लाल पेनपुढे कच्चं काम दाखवायला कोण धजावणार? दुसऱ्या वर्षी लाल पेन बंद केला. मीही पेन्सिल घेतली, मीही डाव्या पानावरच लिहू लागलो, आणि उत्तर न देता फक्त प्रश्न विचारू लागलो. सोमवारचा तास डाव्या पानावरच्या एखाद्या प्रश्नाने सुरू करायचा, हेही ठरवलं. मुलांना दिसलं की आपलं लिहिणं वाचलं जातं आणि त्यावर तास चालतो. गुण द्यायचेच असतील तर पानाच्या बरोबर-चूकवर देऊ नका. प्रश्न विचारले का, उत्तरं दिली का, यावर द्या.

महिन्यातून एक पान शिक्षकानेही लिहावं, आपण कुठे अडकलो ते. रिचर्ड डेडेकिंड झ्युरिकला कलनशास्त्र शिकवत होते. वाढत जाणारी बद्ध राशी एका लिमिटकडे जातेच, हे सिद्ध करताना त्यांना आकृतीचा आधार घ्यावा लागे आणि ते त्यांच्या मनाला लागत असे. त्या अस्वस्थतेतून २४ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांना वास्तव संख्यांच्या 'कट'ची कल्पना सुचली. ती त्यांनी छापली १८७२ साली. 'शिकवताना मलाच पटत नव्हतं' असं त्यांनी त्या पुस्तिकेत मोकळेपणाने सांगितलं आहे. आपणही सांगायला हरकत नाही.

गाइडमधून उतरवलेलं पान ओळखणं सोपं असतं: त्यात कच्चं काम नसतं, आणि 'हे उघड आहे' अशा ओळी असतात. रागावू नका. डाव्या पानावर एवढंच लिहा: २ च्या जागी ३ घेऊन हेच करून दाखव.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कापूस वेचणी सुरू होते आणि वर्गातली बाकं रिकामी दिसू लागतात. घरच्या शेतात हात लागतो, किंवा मजुरीने जावं लागतं. या मुलांचे पंधरा-वीस तास बुडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत अभ्यासक्रम अवघड वळणावर आलेला असतो. त्यांच्यासाठी रोजच्या पानाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. डावं-उजवं दोन्ही पानं यायला हवीत. पण परत आल्यावर त्यांना वही हातात द्या आणि बुडालेल्या प्रत्येक पानावर एक तरी प्रश्न पेन्सिलीने लिहायला सांगा. फोटो नुसता डोळ्यांखालून जातो. प्रश्न लिहायचा तर थांबावं लागतं. वेचणीवरून परतलेल्या एका मुलीने असे अकरा प्रश्न एका आठवड्यात लिहिले होते, आणि त्यांना उत्तरं देताना वर्गातल्या बाकीच्यांची उजळणी झाली.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवस नवं पान लिहू नका. वही पहिल्यापासून वाचा, उजवं पान आणि डाव्या पानावरची उत्तरं हाताने झाकून. प्रश्न वाचायचा, उत्तर तोंडी द्यायचं, मग हात बाजूला करायचा. व्याख्या जोडीने म्हणा: एकाने एप्सिलॉन द्यायचा, दुसऱ्याने एन.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची तर तिच्या गणिताच्या पेपरात रिअल ॲनालिसिसचा चांगला वाटा असतो. उन्हाळ्यात होणाऱ्या एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाला अर्ज जरूर करा. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला. तिथला भर मुलांना प्रश्न विचारून, त्यांना बोलतं करून शिकवण्यावर आहे. डावं पान लिहायची सवय असलेल्याला तिथलं वातावरण परकं वाटत नाही. प्रा. अजित कुमार आणि कुमारेसन यांचं रिअल ॲनालिसिसवरचं पुस्तक कच्चं काम उघड करून दाखवतं, म्हणून मला ते आवडतं. बार्टल आणि शेरबर्ट यांचं पुस्तक सोप्या इंग्रजीसाठी चांगलं. एनपीटीईएलवर प्रा. एस. एच. कुलकर्णी यांची आयआयटी मद्रासमधली व्याख्यानं मोफत आहेत; इंग्रजी ऐकायची सवय नसेल तर दर दहा मिनिटांनी थांबवून दोन ओळी मराठीत लिहा आणि मग पुढे जा.

वर्ष संपलं की वही कोणा एकाच्या घरी जाऊ देऊ नका. ती पुढच्या बॅचला द्या, आणि त्यांना पहिलं काम हेच सांगा की उत्तर न मिळालेले प्रश्न शोधा.

आमच्या एका वहीत १ + १/२ + १/३ + १/४ या न संपणाऱ्या श्रेणीचं पान आहे. पदं शून्याकडे जातात, मग बेरीज कुठेतरी थांबलीच पाहिजे, असं लिहिणाऱ्याला आधी वाटलं होतं. ते वाक्य रेघ मारलेलं तसंच आहे. मग त्याने कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. ५ ओलांडायला ८३ पदं लागली. १० ओलांडायला १२,३६७ लागतात, हे त्याने छोट्या प्रोग्रॅमने काढलं. त्याखाली गट पाडले: १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची आठ तशीच, अर्धा-अर्धा करत कितीही वर जाता येतं. समोर डाव्या पानावर कोणाचा तरी प्रश्न: "ज्या छेदात ९ हा अंक येते ती सगळी पदं काढून टाकली त? १/९, १/१९, १/९०, सगळी. तरीबी अनंतातच जाते का?"

त्या वर्षी कोणाला उत्तर सापडलं नाही. मला माहीत होतं, पण मी लिहिलं नाही. पुढच्या बॅचच्या दोन मुलींनी ते काढलं. ९ नसलेल्या एक अंकी संख्या ८. दोन अंकी ७२, तीन अंकी ६४८, दर वेळी ९ पट. एक अंकी छेदाचं पद फार तर १, दोन अंकीचं फार तर १/१०, तीन अंकीचं फार तर १/१००. म्हणजे सगळी बेरीज ८ + ७.२ + ६.४८ + … च्या वर जात नाही. गुणोत्तर ०.९, म्हणून ती ८० च्या आत राहते. ऑब्री केम्पनर या गणितज्ञाने हे १९१४ साली छापलं होतं, हे त्यांना मी नंतर सांगितलं. त्यांनी उत्तर जुन्या वहीतच, प्रश्नाच्या खाली, वेगळ्या शाईने लिहिलं आणि विचारणाऱ्याच्या रोल नंबरपर्यंत बाण ओढला.